चौथ्या शनिवारी, बोर्ड पाहताना

सांगली, शनिवार.

चौथ्या शनिवारची न्यायालयीन सुट्टी पुढच्या आठवड्याचा बोर्ड, म्हणजे सुनावणीच्या प्रकरणांची यादी, पाहून तयारी करण्यासाठी राखून ठेवायची, हा क्रम आजही पाळला. सोमवारी दोन न्यायालयांत माझी कामे आहेत, एकात साक्षीदाराची उलटतपासणी आणि दुसऱ्यात निशाणी ५ वरचा, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावरचा, युक्तिवाद. दोन्हींचा पुकारा एकाच वेळी झाला, तर ज्युनिअरने कोणत्या न्यायालयात प्रकरण थोडे मागे ठेवण्याची विनंती करायची, हे ठरवण्यातच बराच वेळ गेला. बाहेरून पाहणाऱ्याला युक्तिवादाचे श्रम दिसतात. प्रत्यक्षात वकील दमतो तो पुकाऱ्याची वाट पाहून, कारण त्या वेळात ना धड मसुदा लिहून होतो, ना धड विश्रांती मिळते.

माझ्या डायरीत तारखा निळ्या शाईने आणि मुदती लाल शाईने लिहिलेल्या असतात. तारखेला अडचण आली, तर तहकुबीचा अर्ज देता येतो. (एका पक्षाला तीनपेक्षा अधिक तहकुबी देऊ नयेत, असे दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १७ सांगतो, त्यावर हसायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.) मुदतीच्या बाबतीत मात्र अशी सवलत गृहीत धरून चालत नाही. धनादेश न वटल्याचे प्रकरण आले, की बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून रक्कम देण्यासाठी १५ दिवस आणि त्यानंतर महिन्याभरात फिर्याद, हे सगळे टप्पे मी वकीलपत्रावर (पक्षकाराने वकील नेमल्याच्या कागदावर) सही घेतानाच डायरीत उतरवतो आणि अखेरच्या दिवसाच्या आठवडाभर आधीची तारीख लाल करतो. अपरात्री दचकून जागे होणे यामुळे खरोखरच कमी झाले.

पक्षकारांच्या फोनचे मात्र तसे नाही. पुढची तारीख ई-कोर्ट्सच्या अॅपवर त्यांना माझ्याआधी दिसते, तरीही रात्री जेवणाच्या वेळी "वकीलसाहेब, आपलं काय झालं?" असा फोन येतोच. यात त्यांचा दोष मानावा असे मला वाटत नाही. माझ्याकडे अनेक प्रकरणे असली, तरी त्यांच्या आयुष्यात वाटपाचा तो एकच दावा असतो. म्हणून सायंकाळी सहा ते आठ ही वेळ फोनसाठी ठरवून दिली आहे, आणि अटक किंवा जामिनाचे काम वगळता त्यानंतर ज्युनिअरही फोन घेत नाही.

एवढे करूनही थकवा का उरतो, याचे उत्तर मला कोल्हापुरात मिळाले. १८ ऑगस्ट २०२५ पासून तेथे मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्र काढून मुंबई गाठण्याचा आम्हा सांगलीकर वकिलांचा खटाटोप बऱ्याच अंशी संपला. वाचलेला वेळ वाचनाला आणि घराला मिळेल, असे वाटले होते. तो नव्या अपिलांनी कधी भरून टाकला, ते कळलेही नाही. प्रवास कमी झाला, ज्युनिअर वाढवले किंवा अॅप बदलले, तरी मोकळी झालेली जागा नवी फाइल अडवतेच. त्यामुळे वेळेचे खरे नियोजन डायरीत होत नसून वकीलपत्र स्वीकारण्याच्या क्षणी होते, या मतावर मी आलो आहे. फी बुडण्याची भीती वाटते, हे मान्य करूनही.

काल एक गृहस्थ फेरफार नोंदीच्या (जमिनीच्या महसुली दप्तरातील बदलाच्या) वादाची कागदपत्रे ठेवून गेले आहेत. महसुली कामे नेहमी करणारे एक सहकारी याच इमारतीत बसतात. सोमवारी मी त्या गृहस्थांना त्यांच्याकडे घेऊन जाणार आहे.