भरतीच्या आधी

समुद्राला कोपरे खपत नाहीत. काच असो, वीट असो की कड्यावरून सुटलेला दगड, तो घासून घासून त्याचा गोटा करतो. म्हणून किनाऱ्यावर जीवाश्म शोधायचे तर गोट्यांवरून नजर नुसती सरकवायची आणि ज्याला अजून टोक आहे, धार आहे, ज्याची डावी बाजू उजवीशी जुळते, तिथेच थांबायचं. सोबतची मंडळी सूर्यास्ताचे फोटो काढत असतात आणि मधूनच विचारतात, "काय हरवलंय?"

शार्कचा दात असाच सापडतो. ओल्या खड्यांमध्ये एक काळं, चकचकीत, त्रिकोणी टोक. मुळाकडचा भाग मात्र खरबरीत, मळकट. काही दातांच्या कडेवरून हळूच नख फिरवलं तर बारीक करवत लागते. हयातीत हा दात पांढराच होता. गाळात पडून राहिल्यावर त्यात खनिजं मुरली आणि तो काळवंडला. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो सहसा मागे उरत नाही. दात मात्र जन्मभर हजारोंनी गळतात. अमेरिकेत मेरीलँडच्या कॅल्व्हर्ट क्लिफ्सखालच्या वाळूत एक ते दोन कोटी वर्षांपूर्वीचे असे दात मिळतात.

हाड ओळखणं जास्त अवघड. त्यावर एक जुनी युक्ती आहे: कोरड्या तुकड्याला जीभ लावून बघायची. हाडाची बारीक छिद्रं ओलावा शोषतात आणि जीभ किंचित चिकटते. साधा दगड बहुधा दाद देत नाही. किनाऱ्यावर काय काय पडलेलं असतं ते आठवलं की ही परीक्षा दुसऱ्या कुणीतरी घ्यावी असं वाटतं.

असं काही उचलून खिशात टाकणं हा लोभ, हे मला पटत नाही. इंग्लंडच्या दक्षिणेला लाइम रीजिसजवळच्या कड्यांत प्राचीन समुद्री प्राण्यांचे जीवाश्म जवळपास 20 कोटी वर्षं सुखरूप राहिले. पावसाळी हिवाळ्यात दरड कोसळते, ते उघड्यावर येतात, आणि त्यानंतर त्यांच्या हातात थोड्याच भरत्या असतात. जो समुद्र दाखवतो तोच दळतो. शेजारच्या चारमथला नियमही याच समजुतीतून आले आहेत: सुटं पडलेलं उचला, पण दुर्मीळ काही मिळालं तर नोंद करा.

जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंगने याच कड्यांखाली आयुष्य काढलं. 1811 मध्ये तिच्या भावाला इक्थिओसॉर या प्राचीन सागरी सरपटणाऱ्या प्राण्याची कवटी दिसली, पुढच्या वर्षी तिने बाकीचा सांगाडा शोधला. तेव्हा ती जेमतेम 12-13 वर्षांची होती. 1833 मध्ये दरड कोसळून तिचा कुत्रा ट्रे गेला, ती थोडक्यात वाचली. तिने शोधलेल्या प्राण्यांवर लेख लिहिले ते पुरुषांनी, आणि त्यांत तिचं नाव बहुधा नसायचंच. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने तर 1919 पर्यंत बायकांना सभासद करून घेतलं नाही.

2020 मध्ये इंग्लंडमधल्याच सॉमरसेटच्या ब्लू अँकर किनाऱ्यावर वडिलांबरोबर फिरणाऱ्या 11 वर्षांच्या मुलीला एका जबड्याच्या हाडाचा तुकडा सापडला. बाकीचे तुकडे गोळा होत गेले, हाड दोन मीटरहून लांब भरलं. त्यावरून हा इक्थिओसॉर सुमारे 25 मीटरचा असावा असा अंदाज आहे. 2024 मध्ये त्याचं इक्थिओटायटन असं बारसं झालं. ज्या शोधनिबंधात हे नाव दिलं, त्याच्या लेखकांमध्ये ती मुलगीही आहे.