टार्प नं. ३ : कोपऱ्यातली रिंग उपटली, मग काय काय केलं

मंडळी, टार्प (डोक्यावर ताणून बांधायचं कापडी छत) नं. ३ काल रात्री शिवणमशीनवरून उतरला. चार कोपरे, चार बाजूंचे मधले आणि पाठीवरचा एक, असे नाडी-काठी अडकवायचे नऊ जोड लागलेत, शिवणींचं सीलिंग (पाणी झिरपू नये म्हणून लेप) तेवढं बाकी आहे. मागच्या वेळी नं. २ चे फोटो दाखवून मी जी गायब झाले त्याचं कारण आता सांगते, त्याची जी वाट लागली ती बघून पुढे दोन आठवडे मशीनचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं.

नं. २ म्हणजे तो हिरवा, तीन बाय तीन मीटर, पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगवाला पॉलिस्टर रिपस्टॉप, म्हणजे फाट पसरू नये म्हणून जाड धाग्यांची जाळी विणलेलं कापड. कडेला डबल दुमड, कोपऱ्यात त्याच कापडाचं एक चौकोनी ठिगळ आणि त्यात पुण्याच्या बोहरी आळीतून आणलेल्या पितळी रिंगा ठोकलेल्या. दिसायला एकदम दुकानातला माल. एप्रिलात एका संध्याकाळी गच्चीवर ताणून लावला आणि चहा टाकायला खाली आले, तेवढ्यात वळवाचं वारं सुटलं, ते पावसाच्या आधीचं धुळीचं असतं ना ते, आणि मी धावत वर जाईपर्यंत एक कोपरा सुटून टार्प पाण्याच्या टाकीवर फडाफडा आपटत होता. रिंग नाडीतच लटकत होती, अगदी शाबूत, चकचकीत, एक ओरखडा नाही. आणि कापडाला आंब्याच्या कोयीएवढं भगदाड!

माझ्या डोक्यात पहिलं हेच आलं की रिंग लहान पडली, पुढच्या वेळी मोठी घेऊ. बऱ्याच जणांचं हेच होतं. मोठ्या रिंगेची कड थोडं जास्त कापड पकडते हे खरंय, पण तिच्यासाठी भोकही मोठं पाडावं लागतं, म्हणजे ज्या धाग्यांनी ताण घ्यायचा तेच आपण जास्त कापतो.

फाटका कोपरा टेबलावर घेतला, बाबांचं पेपर वाचायचं भिंग लावलं आणि नीट बघितलं. भोक मी कात्रीने कापलं होतं आणि ते केसभर मोठं झालं होतं, त्यामुळे रिंग आत सैल फिरत होती, आणि फिरणारी रिंग दर झुळकीला कापड थोडं थोडं घासत जाते. दुसरं, हातोडीचा एक घाव जोरात बसला असणार, कारण रिंगेची नळी गोल वळायच्या ऐवजी चार ठिकाणी चिरली होती आणि त्या पाकळ्यांना ब्लेडसारखी धार होती. पण खरा गुन्हेगार तिसराच. ठिगळाची कड मी सरळ रेषेत आणि अगदी बारीक, दीड मिलिमीटरच्या टाक्याने शिवली होती, पक्कं व्हावं म्हणून! फाट रिंगेपाशी सुरू झाली, त्या टीपेपर्यंत आली आणि मग चेकबुकाचं पान फाटतं तशी सरसर टीपेवरून पुढे गेली. जवळजवळ सुयांची भोकं म्हणजे आपणच फाडायची रेघ आखून दिल्यासारखं झालं. आता जाड जागी टाका ३ मिलिमीटर, त्याच्या खाली जात नाही.

वाऱ्याचा हिशोबही मग करून बघितला, आधी करायला हवा होता. हवेची घनता घनमीटरला साधारण १.२ किलो, ती गुणिले वेगाचा वर्ग आणि त्याचं अर्ध. सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किमी वारा असेल तर दर चौरस मीटरवर ६० न्यूटन, म्हणजे सहा किलोचा दाब येतो. माझा टार्प ९ चौरस मीटरचा, म्हणजे वारा पूर्ण अंगावर घेतला तर ५५ किलो. आणि वेग दुप्पट झाला की दाब चौपट, म्हणजे ताशी ७२ ला २२० किलो. टार्प तिरका असतो, वारा निसटतो, हे सगळं मान्य, पण झोत आला की ताण चार कोपऱ्यांत समान वाटला जात नाही, समोरचे दोनच कोपरे मार खातात. आणि माझ्या कोपऱ्यात एक ठिगळ आणि एक रिंग. काय राव.

मध्ये एका रविवारी जुन्या बाजारात पंच शोधायला गेले होते (बुधवार-रविवार भरतो तो), आणि परत येताना चपलेचा अंगठा शिवायला रस्त्यावरच्या एका मोचीकाकांकडे बसले. पिशवीत फाटका कोपरा होताच, दाखवला. त्यांनी भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ताई, कापलं की धागा गेला. आरीनं सारायचं." माझ्याच कापडाच्या तुकड्यात आरी (मोच्याची टोचणी) घुसवली, गोल गोल फिरवली, मग तिच्यामागे एक जाडसर टोकदार दांडा घातला. भोक झालं पण कापडाचा एकही धागा तुटला नव्हता, सगळे बाजूला सरकून कडेला दाटीने उभे. दांडा काढल्यावर भोक परत मिटायला लागलं, म्हणजे आत जे बसेल त्याला ते आपणहून आवळणार. चपलेचे दहा रुपये घेतले, या शिकवणीचे काही नाही.

घरी करून बघितल्यावर एक मर्यादा कळली. कोटिंगवालं घट्ट विणीचं कापड नुसत्या आरीने १० मिलिमीटरपर्यंत उघडायला गेलं की उभं फाटतं. त्यामुळे आता पोकळ पंचाने दोनेक मिलिमीटर लहान भोक, आणि उरलेलं आरीने सारून. रिंग थोडी जबरदस्तीने आत गेली पाहिजे. सहज टपकन गेली तर तो तुकडा बाद.

पण कोपऱ्यांना रिंगा आता नाहीतच. तिथे २० मिलिमीटरच्या पॉलिस्टर पट्टीचे फास लावले. पट्टी नायलॉनची घेतली नाही कारण नायलॉन भिजलं की सैलावतं आणि रात्री दोनला उठून नाड्या ताणत बसावं लागतं, राजमाचीला एकदा केलंय ते, पुन्हा नको. प्रत्येक कोपऱ्याला आता दोन ठिगळं आहेत, एक लहान, एक मोठं, दोन्ही पाव वर्तुळाच्या आकाराची, म्हणजे टोकदार कोपरा कुठेच नाही आणि दोन्हींच्या कडा एकावर एक येत नाहीत. एकदम जाड कापड संपून एकदम पातळ सुरू झालं की फाटतं ते बरोबर त्या सीमेवर, म्हणून पायऱ्या पायऱ्यांनी उतरवायचं. ठिगळं कापताना उभा-आडवा धागा मूळ कापडाशी जुळवून घ्यायचा हे माझ्या डोक्यात आधी शिरलंच नव्हतं. कोपरा ओढला जातो तिरका, म्हणजे विणीच्या ४५ अंशात, आणि तिरकं कापड रबरासारखं ताणतं. खालचं कापड ताणतंय आणि वरचं ठिगळ उभ्या धाग्यात अडून बसलंय असं झालं की चुण्या पडतात आणि सगळा भार एकट्या शिवणीवर. पट्टी कोपऱ्यातून तिरकी आत सात सेंटिमीटर नेली, दोन ठिगळांच्या मध्ये सँडविच करून, आणि वरून चौकोन आणि त्यात फुली अशी टीप.

आता बारटॅक, म्हणजे ताण येतो तिथे मारायची आडवी, दाट, पक्की टीप. माझी मशीन आजीची काळी पायमशीन, झिगझॅग वगैरे लाड नाहीत. त्यामुळे फासाच्या तोंडाशी पट्टीच्या रुंदीत आडवी टीप, पुढे-मागे, पुढे-मागे, पाच वेळा. खऱ्या बारटॅकची सर नाही पण चालतंय. सुई १४ नंबरची वाकायला लागली म्हणून १६ घातली, दोरा पॉलिस्टरचा. साधा सुती दोरा अशा कामाला बिलकुल वापरू नका, ओलाव्यात कुजतो आणि कापड चांगलं असताना शिवण उसवते. आणि कोटिंगवर टाचणी लावू नका, भोक कायमचं राहतं. मी कपडे वाळत घालायचे चिमटे लावते, आईला सध्या एकही सापडत नाही.

पाठीवरच्या जोडाला डी-रिंग लावताना मात्र घोळ झाला आणि तो जरा गंभीर होता. मशीनचं कापड दाबणारं पाऊल धातूच्या कडेला चढलं होतं, मला वाटलं निघेल, पाय मारला, आणि सुई थेट रिंगेवर. टक्क आवाज झाला आणि टोक उडून माझ्या चष्म्याच्या काचेवर. काचेवर टाचणीच्या डोक्याएवढा टवका उडालाय, तो रोज दिसतो. चष्मा नसता तर काय ते लिहीत नाही. आता धातूच्या जवळचे पाच-सहा टाके पाय बाजूला ठेवून हाताने चाक फिरवून घालते, रिंग चिमट्याने लांब ओढून धरते, आणि डोळ्यांवर हार्डवेअरच्या दुकानातला प्लास्टिकचा गॉगल. रिंगा ठोकतानाही तोच.

पट्टीची टोकं मेणबत्तीवर सील करता ना? खिडकीशी बसून करा आणि वितळलेल्या टोकाला बोट लावून चपटं करायचा मोह आवरा. पॉलिस्टर अडीचशे अंशाच्या आसपास वितळतं आणि कातडीला चिकटून बसतं, झटकलं तरी सुटत नाही. मी चमच्याच्या पाठीने दाबते. आणि पीव्हीसी कोटिंगवाल्या जाड कापडाला तर ज्योत लावूच नका, त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, नाक-घशाची वाट लागते. ते कात्रीनेच कापायचं.

रिंगा फेकल्या नाहीत हां. बाजूंच्या मधे जिथे काठीचं टोक नुसतं अडकतं तिथे दोन ठोकल्यात, तिथे ओढ फार नसते. यावेळी नळीची उंची कापडाच्या थरांना जुळते का ते आधी तुकड्यावर बघितलं. खाली जुन्या पोळपाटाचा तुकडा, हातात रबरी हातोडा, आणि एक दणका न देता तीन-चार बेताचे घाव, दर घावाला साचा थोडा फिरवून. झाल्यावर नखाने रिंग फिरवून बघायची, फिरली तर सैल. मग कापसाचा बोळा आतून गोल फिरवायचा. कापसाचा एक तंतू जरी अडकला तरी नळी चिरलीय, आणि ती पुढे नाडी कापणार. माझी पहिली अशी अडकलीच, काढून दुसरी ठोकली.

टेस्ट घरातच केली. तशाच थरांचे दोन नमुने शिवले, एक जुन्या पद्धतीचा, एक नवा, दाराच्या पुलअप बारला टांगले आणि खाली बादली, तिच्यात मग्याने पाणी. बादली जमिनीपासून फक्त वीतभर वर, पाय लांब. जुना नमुना बादली भरायच्या आधीच कुरकुरायला लागला आणि पंधराव्या लिटरला रिंग निघाली. नव्यावर दोन बादल्या, म्हणजे चाळीस किलोच्या आसपास, तासभर. सुयांची भोकं थोडी लांबट झाली, बाकी काही नाही. फरशी मात्र पुसावी लागली. पण हा स्थिर भार झाला, वारा असा सभ्यपणे वाढत नाही, तो हिसका मारतो. म्हणून फास आणि नाडी यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद कापलेली रिंग घालतेय. हिसका ती खाते, आणि अगदीच झालं तर ती तुटेल. पंक्चरवाल्याकडे ट्यूब फुकट मिळते, माझ्या कोपऱ्याला एक अख्खी संध्याकाळ लागते.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते. बारटॅकचे फोटो बघून आमच्या ग्रुपमधल्या एकाने विचारलं की त्याच्या हार्नेसची (चढाईत अंगाला बांधायचा पट्टा) एक शिवण उसवलीय ती मारून देशील का, आणि जमलं तर एक स्लिंगही (चढाईत वापरायचा पट्टीचा फास) शिवून दे. नाही म्हणाले, आणि तो जरा रुसलाय. स्लिंगचं ईएन ५६६ हे युरोपियन मानक २२ किलोन्यूटन मागतं, म्हणजे दोन टनांच्या वर, आणि मी दोन बादल्यांवर खूश होणारी बाई. सॅकचा पट्टा, टार्पचा फास, चुलीच्या सामानाची पिशवी, काय हवं ते आण. ज्याला माणूस लटकणार त्याला माझी सुई लागणार नाही, आणि उसवलेला हार्नेस दुरुस्त करायचा नसतोच, कापून टाकायचा, म्हणजे दुसरा कोणी उचलून वापरणार नाही.

सीलिंग उद्या. कापड पीयूवालं आहे म्हणून सीलरही पीयूचाच, सिलिकॉन यावर धड धरत नाही, पापुद्र्यासारखं सुटून येतं. फासांच्या फुल्या आतून दोनदा रंगवणार, कारण गळणार तर तिथेच. पाऊस धरला की पहिली रात्र एखाद्या देवळाच्या बाजूला कुठेतरी, म्हणजे टार्पने दगा दिलाच तर देवळात पळता येईल.

आणि एक विचारायचंय. जीन्स शिवणाऱ्यांकडे बेल्टच्या लुपा मारायचं बारटॅक मशीन असतं, तर पेठांमध्ये किंवा हडपसरच्या बाजूला कोणी सुटे आठ-दहा नग मारून देतं का? दोघांना विचारलं, दोघंही म्हणाले शंभर नग आणा. शंभर कोपऱ्यांचा टार्प कुठून आणू?