डेटोना एसपी३ बिल्ड लॉग: गियरबॉक्स झाला, आता पैशाचा हिशोब

लेगोच्या डेटोना एसपी३ चा गियरबॉक्स पूर्ण झाला राजेहो. मागची चेसिस, डिफरन्शियल, व्ही१२ इंजिन आणि आठ गियर, सगळं एका जोडणीत टेबलवर उभं आहे आणि बॉडीचा एकही लाल पॅनल अजून लावला नाही. मुद्दाम इथे थांबलो, कारण आपल्या लेगोवाल्यांच्या ग्रुपात ज्या गोष्टीवर सारखी भांडणं होतात, की महाग सेटचे पैसे वसूल होतात का, त्यावर बोलायला हीच स्टेज बरी आहे. एकदा बॉडी चढली की आतलं काहीच दिसत नाही, मग जो येतो तो "वा, काय दिसते" म्हणून मोकळा होते आणि एवढे पैसे नेमके कशाचे घेतले हा प्रश्न तसाच राहून जाते.

ज्यांना सेट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लेगो टेक्निक (लेगोची गियर आणि यंत्रांवाली मालिका) ४२१४३, फेरारी डेटोना एसपी३, २०२२ चा सेट, ३७७८ पीसेस, स्केल १:८, लांबी ५९ सेंटीमीटर. आला तेव्हा अमेरिकेत ३९९.९९ डॉलर होता, नंतर ४४९.९९ झाला. म्हणजे नुसता डॉलरचा भाव लावला तरी अडतीस-चाळीस हजार, आणि आपल्याकडे त्याच्यावर ड्यूटी. बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २०२० च्या बजेटमध्ये २० टक्क्यांवरून ६० केली, २०२३ मध्ये ७०, आणि मधात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा, म्हणजे सरकारी दर्जाचा, मार्क सक्तीचा झाला. ड्यूटी एमआरपीवर लागत नाही, आयातीच्या किमतीवर लागते, पण पुढचे सगळे मार्जिन त्याच्यावरच चढत जातात. त्यामुळे अमेरिकेतली किंमत मोबाईलवर पाहायची आणि आपल्या नागपूरच्या बर्डीतल्या दुकानदाराला लुटारू म्हणायचं, हे मला पटत नाही, त्या बिचाऱ्याच्या हाती माल येईपर्यंतच तो महाग झालेला असते.

मी हा सेट नवा घेतला नाही. पुण्याच्या एका भाऊंनी एकदा बनवून परत खोललेला होता, त्यांच्याकडून घेतला. नंबरच्या बॅगा नाहीत, सगळे पीसेस एकत्र आले. मग संत्रा बर्फीचे रिकामे डबे गोळा केले (घरी दिवाळीपासून साचून होते) आणि प्रकाराप्रमाणे लावून घेतलं, काळ्या पिना (पीसेस एकमेकांना जोडायच्या खुंट्या) वेगळ्या, निळ्या लांब पिना वेगळ्या, अ‍ॅक्सल (गियर बसवायचे दांडे) लांबीप्रमाणे, गियर दातांप्रमाणे. हे लावतानाच एक गोष्ट डोळ्यापुढे येते जी बॅगा एकेक करून फोडताना येत नाही: पिनांचे डबे भरून वाहून राहिले होते आणि गियरचा डबा अर्धासुद्धा नाही.

म्हणून "पर पीस किती पडलं" हा हिशोब टेक्निकमध्ये मला फार कामाचा वाटत नाही. तरी करून पाहू. २०१६ ची पोर्शे ९११ जीटी३ आरएस, २७०४ पीसेस, २९९.९९ डॉलर, म्हणजे पीसला ११ सेंट. २०१८ ची बुगाटी शिरॉन, ३५९९ पीसेस, ३४९.९९, म्हणजे पावणेदहा सेंट. डेटोना सुरुवातीच्या किमतीला साडेदहा, वाढलेल्या किमतीला जवळपास १२. २०२४ ची मॅक्लारेन पी१, ३८९३ पीसेस, ४४९.९९, साडेअकरा. आठ वर्षांत आकडा दहा-बाराच्या आसपासच फिरून राहिला, वाढलं काय तर पीसेस. आणि त्यातल्या कितीतरी पिना. पिन आणि गियर दोन्ही हिशोबात एकेकच पकडले जातात, पण मेहनत कुठे जास्त आहे हे ज्याने एकदा गियरबॉक्स जोडला त्याला सांगावं लागत नाही.

आता खरा मुद्दा. लेगोचं सगळं ग्रिड ८ मिलिमीटरचं आहे, बीमच्या (भोकं असलेल्या पट्टीच्या) एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत ८ मिमी. आणि गियर मॉड्युल १ चे, म्हणजे १६ दातांच्या गियरचा पिच व्यास १६ मिमी, त्रिज्या ८, बरोबर एक भोक. त्यामुळे १६ आणि १६ दोन भोकांच्या अंतरावर बसतात, ८ आणि २४ सुद्धा दोनच भोकांवर, १२ आणि २० सुद्धा दोनच भोकांवर. अंतर तेच आणि रेशो तीन वेगवेगळे: एकास एक, एकास तीन, तीनास पाच. याच्यावरच या सगळ्या गियरबॉक्सचा खेळ उभा आहे, एकाच लांबीच्या चौकटीत वेगवेगळ्या जोड्या बसवायच्या आणि क्लच रिंगने हवी ती जोडी पकडायची. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा इतका आनंद झाला होता की रात्री झोप लागली नाही, आणि अजूनही कोणाला समजावून सांगताना तसंच वाटते.

पण या खेळात माफी नाही. एका जोडीत थोडंसं घर्षण जास्त असलं तर चालून जाते, आठ गियरच्या डब्यात मात्र एका वेळी कितीतरी गियर फिरत असतात, जे त्या क्षणी कामाचे नाहीत तेसुद्धा. प्रत्येक ठिकाणची जराशी जराशी अडचण एकावर एक चढत जाते. अ‍ॅक्सल केसभर जाड निघाला, बीमचं भोक केसभर लहान निघालं, की शेवटच्या टोकाला चाक फिरतच नाही किंवा अ‍ॅक्सल पीळ खाते. मोल्डची अचूकता मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास ठेवावी लागते ती याच्यासाठी. घराची भिंत बांधायला तेवढी गरज नाही.

हे तपासायची सोय घरातच झाली. भाचा मनीषनगरला राहते, मेकॅनिकलला आहे, त्याने दुसऱ्या एका कंपनीची १:८ सुपरकार घेतली, किंमत माझ्या सेटच्या नव्या किमतीच्या एक तृतीयांशही नाही. (कंपनीचं नाव लिहीत नाही, एका सेटवरून कोणाला बदनाम करणं बरोबर नाही.) म्हणे, "मामा, तुमचं काम माझ्या टेबलवर आणा, दोन्ही बाजूबाजूला ठेवून पाहू." नेलं, डबे आणि चेसिस सांभाळत.

पॅनल पाहिले. खरं सांगतो, फरक हातात धरून शोधावा लागला. रंग एकसारखा, कडा साफ, पिना घट्ट बसतात, एक-दोन तर माझ्यापेक्षा घट्ट. बीमसुद्धा चांगले. मग दोन्हीचे इंजिनकडचे अ‍ॅक्सल बोटाने फिरवले. माझ्याकडचा फिरवला की पिस्टन वरखाली होतात आणि मागचा अ‍ॅक्सल सोबत फिरते, पहिल्यात हळू, वर वर गेलं की भरभर, बोटाला हलकी कुरकुर लागते तेवढीच. त्याच्याकडचा खालच्या गियरमध्ये ठीक होता, वरच्या गियरमध्ये बोटाला जोर द्यावा लागे आणि मध्येच एक टक्क असा आवाज येई, दात सुटल्यासारखा.

त्याला वाईट वाटलं, पण पोरगं हुशार. म्हणे फ्रेम तीच ठेवू, फक्त अ‍ॅक्सल आणि गियर बदलून पाहू. माझ्याकडे जुन्या सेटमधले सुटे होते, ते एकेक करून घातले. आधी नुसते अ‍ॅक्सल बदलले, तेवढ्यानेच अर्धी अडचण गेली. मग क्लचवाले १६ दाती बदलले. बुश (अ‍ॅक्सलवर बसणारी छोटी कडी) आणि बीममध्ये कागदाच्या जाडीएवढी फट सोडली, हे तर सगळ्यांनीच करावं, बुश दाबून बसवला की चांगला अ‍ॅक्सलसुद्धा जाम होते. आणि फिरला ना भाऊ! तीच फ्रेम, तेच पॅनल, तेच बीम, फक्त मधले फिरते पीसेस बदलले आणि आठही गियर बोटाने चालले. भाचा नुसता फिरवत बसला होता.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं. महाग सेटचे पैसे जिथे फिरतं आणि जोर लागतो तिथे वसूल होतात, म्हणजे अ‍ॅक्सल, गियर, डिफरन्शियल, क्लच रिंग, गियर सिलेक्टर. बाकी बॉडीसाठी तेवढे पैसे देण्यासारखं मला काही दिसत नाही. आणि दुसरी गोष्ट ज्याचे पैसे मी खुशीने देतो ती म्हणजे डिझाइन. एवढ्या लहान जागेत आठ गियर, रिव्हर्स, स्टिअरिंग, दोन्हीकडची सस्पेन्शन कुठेही न अडकता बसवणाऱ्या माणसाचं डोकं पाहून मान खाली जाते. म्हणूनच कोणाचा तरी सेट जसाच्या तसा, पुस्तिकेसकट छापून विकतात, ते मी घेत नाही आणि कोणी घेऊ नये असं वाटते. लेगोची वीट वेगळी गोष्ट. विटेचं पेटंट २८ जानेवारी १९५८ चं, ते केव्हाच संपलं, कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये आणि युरोपियन कोर्टाने २०१० मध्ये विटेच्या आकारावर ट्रेडमार्कचा हक्क मान्य केला नाही. तशी वीट बनवणं चोरी नाही. स्वतःचं डिझाइन स्वतःच्या विटांवर विकणाऱ्या कंपन्या आहेत आणि त्यांच्यातल्या काही फार मेहनत घेतात.

फेरारीचं नाव वापरायच्या लायसन्सचं काय, तर घोड्याच्या लोगोचे पैसे माझ्यासाठी शून्य. ज्याला फेरारीचं वेड आहे त्याच्यासाठी असतील, त्याचा आनंद त्याचा. पण मग हेही पाहा की खऱ्या डेटोना एसपी३ मध्ये सात गियर आहेत, ६.५ लिटरचा व्ही१२ आणि सात स्पीडचा डबल क्लच. मॉडेलमध्ये आठ. माझ्या मते कारण हेच की आठवाली रचना या ग्रिडमध्ये नीट बसते. म्हणजे आपण फेरारीची नक्कल विकत घेत नसून फेरारीच्या अंगात घातलेला एक वेगळाच गियरबॉक्स घेत असतो. मला यात काहीच गैर वाटत नाही, पण नक्कल पाहिजे असेल तर १:१८ ची डायकास्ट घ्या, कितीतरी स्वस्त आणि दिसायला जास्त जवळची. छोटं काही जोडायचं असेल तर लेगोच्याच स्पीड चॅम्पियन्स मालिकेचे अडीचशे-तीनशे पीसेसचे सेट आहेत, एका बैठकीत होतात, टेबलवर मावतात.

शोकेसवाल्यांसाठी आपल्या नागपूरचं म्हणून सांगतो. मार्चपासून कूलर सुरू झाला की खोलीत जी बारीक धूळ आणि ओल येते ती दोन्ही मिळून पॅनलच्या फटीत थर धरते, लाल रंगावर तर लगेच दिसते. काचेचं दार असलेलं कपाट नसेल तर १:८ उघड्यावर ठेवू नका. ४५-४६ डिग्रीने प्लास्टिकला काही होत नाही, एबीएस (ज्या प्लास्टिकचे पॅनल असतात ते) त्याच्या कितीतरी वर मऊ पडते, पण खिडकीतलं ऊन वाईट, पांढरे आणि फिके पीसेस पिवळे पडतात. स्टिकर शीटही कूलरसमोर ठेवू नका, कडा उचलतात.

आणि माझी खरी विनंती अशी की नुसतं ठेवायला १:८ घेऊ नका. एकदा बनवून वर्षानुवर्षं तसंच ठेवायचं असेल तर त्या गियरबॉक्सचे पैसे तुम्ही दिले आणि वापरले नाहीत. बनवा, फिरवा, खोला, त्याच गियरमधून दुसरं काही काढा. जो हे करणार त्याला मी म्हणेन, घे, महाग आहे पण घे, आणि जमलं तर माझ्यासारखा वापरलेला घे. गियर आणि अ‍ॅक्सल एकदा-दोनदा जोडल्याने झिजत नाहीत. फक्त वापरलेला घेताना सगळे ३७७८ मोजत बसू नका, आधी डिफरन्शियल, क्लच रिंग, लांब अ‍ॅक्सल आणि सिलेक्टर आहेत का पाहा. लांब अ‍ॅक्सल डोळ्यासमोर धरून फिरवून पाहा, पीळ पडला असेल तर चारही कडा सरळ रेषेत दिसत नाहीत. पिना कुठेही मिळतात.

आता पुढचं. डेटोनाची बॉडी चढवीन, फोटो टाकीन, थोडे दिवस ठेवीन आणि मग खोलणार. कारण मनात खूप दिवसांपासून अ‍ॅम्बेसेडर आहे. १९५० च्या दशकाच्या शेवटापासून २०१४ पर्यंत बंगालच्या उत्तरपाड्यात बनली, सिव्हिल लाइन्समध्ये सरकारी बंगल्यांसमोर पांढऱ्या अ‍ॅम्बेसेडरची रांग ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको. लांबी ४.३ मीटरच्या आसपास, म्हणजे १:८ मध्ये ५४ सेंटीमीटर, डेटोनापेक्षा थोडी लहान पण आत जागा जास्त, इंजिन पुढे, चाकं मागची फिरणारी, चार गियर, आणि जुन्या मॉडेलसारखा स्टिअरिंगच्या कॉलमवरचा गियर दांडा. आठचे चार करणं सोपं आहे, दांड्याची हालचाल वळवून खाली चेसिसपर्यंत नेणं कठीण, त्यावर कागदावर काम चालू आहे. मागची पाटा स्प्रिंग पातळ बीम एकावर एक ठेवून होते का ते भाचा पाहून राहिला. डेटोनाची चाकं फार रुंद पडतात, ती चालणार नाहीत, अरुंद टायर बघतो आहे.

फिरते पीसेस सगळे डेटोनाचे, बॉडी दुसऱ्या कंपनीच्या पांढऱ्या पॅनलची, असं ठरवलं. त्या गोल बोनेटसाठी वक्र पॅनल बरेच लागतील, जोडीने, डावे-उजवे दोन्ही. कोणाकडे पडून असतील तर सांगा, बदल्यात लाल देतो, डेटोना खोलली की भरपूर होतील.