सहाविरुद्ध एक

पाचव्या किकला आमचा कीपर उजवीकडे झेपावला आणि बॉल डावीकडून आत गेला. त्यांचे ४, आमचे ३. त्याच्या पाण्याच्या बाटलीवर, कोण पेनल्टी कुठे मारतो त्या यादीत, किक मारणाऱ्याच्या नंबरासमोर 'उजवी' असं लिहिलेलं होतं, आणि ते मी लिहिलं होतं.

इंग्लंडमधल्या खालच्या विभागातल्या एका फुटबॉल क्लबात मी सामन्यांचं व्हिडिओ-विश्लेषण करतो. सामना लीग कपच्या पहिल्या फेरीचा होता. या फेरीत ९० मिनिटांनी बरोबरी असली की जादा वेळ देत नाहीत, थेट पेनल्टी शूटआउट, म्हणजे दोन्ही संघांच्या पाच-पाच किक. ईएफएल ट्रॉफी या खालच्या विभागांतल्या क्लबांच्या स्पर्धेत तर गटातला साधा सामना बरोबरीत सुटला तरी शूटआउट होतो, जिंकेल त्याला २ गुण, हरेल त्याला १. आणि कपचे सामने बहुतेक क्लब दुसऱ्या क्रमांकाच्या कीपरला देतात. म्हणजे वर्षभरात ज्याला सर्वांत कमी खेळायला मिळतं, नेमका तोच शूटआउटला उभा. एरवी त्याचं काम पहिल्या कीपरला क्रॉस आणि शॉट मारून देण्याचं. स्कॉट कार्सन इंग्लंडकडून खेळलेला कीपर, पण मँचेस्टर सिटीत सहा वर्षांत त्याच्या वाट्याला दोन सामने आले. त्यातल्या एकात न्यूकॅसलविरुद्ध त्यानं पेनल्टी अडवली, तर उलट आलेल्या बॉलवर गोल झालाच.

पेनल्टी म्हणजे लॉटरी, असं टीव्हीवर बोलणारे अजूनही म्हणतात. त्यांनी एकदा बाटली तयार करून बघावी.

ठिपक्यापासून गोलरेषा ११ मीटरवर. ताशी १०० किलोमीटर वेगाचा बॉल साधारण ०.४ सेकंदात पोचतो. बघून झेपावायला तेवढा वेळ पुरत नाही, म्हणून अंदाज आधी हवा. त्यासाठी प्रत्येक किकरच्या मिळतील तेवढ्या पेनल्टींच्या क्लिप कापून घ्यायच्या. धाव किती पावलांची, किती तिरकी, मध्ये अडखळतो का, टेकलेल्या पायाचा पंजा कुठे वळलाय, हे सगळं टिपायचं. विकत मिळणाऱ्या आकडेवारीत डावं-उजवं किकरच्या बाजूनं असतं. ते उलटवून कीपरच्या बाजूनं लिहायचं, आणि लिहून झाल्यावर दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यायचं, कारण चूक हटकून इथेच होते.

मग लेबल. नावं क्रमानं लावता येत नाहीत, कोण कधी येणार ते ठाऊक नसतं. म्हणून शर्टाच्या नंबराप्रमाणे. एका नावापुढे फार तर तीन शब्द. मार्करची शाई ओल्या ग्लोव्ह्जनं पुसते, तेव्हा वरून पारदर्शक चिकटपट्टी. शेवटच्या पाच मिनिटांत बदली खेळाडू आला तर त्याच्यासाठी दोन ओळी मोकळ्या. स्वतःच्या संघाची किक चालू असताना कीपरला पेनल्टी क्षेत्राची रेषा गोलरेषेला मिळते तिथे उभं राहावं लागतं, म्हणून बाटली तिथेच, टॉवेलात गुंडाळून. टॉवेल कशाला, तर २०२२ मध्ये कतारमध्ये शूटआउट चालू असताना ऑस्ट्रेलियाचा कीपर अँड्र्यू रेडमेननं पेरूच्या कीपरची बाटली उचलून भिरकावून दिली होती.

या धंद्यातली सगळ्यांना ठाऊक असलेली बाटली इंग्लंडचा कीपर जॉर्डन पिकफर्डची. डार्लिंग्टन, आल्फ्रेटन, बर्टन, कार्लाइल, ब्रॅडफर्ड, प्रेस्टन, एवढ्या क्लबांत लोनवर, म्हणजे उसना, फिरून तो इथवर पोचला. ६ जुलै २०२४ ला ड्युसेलडॉर्फमध्ये स्वित्झर्लंडच्या अकांजीपुढे लिहिलं होतं, डावीकडे झेप. तो डावीकडे गेला, बॉल अडला, इंग्लंड ५–३ नं जिंकलं. त्या फोटोनं आमच्या कामाला इज्जत दिली आणि आमचं डोकंही थोडं फिरवलं.

आमच्या कीपर पोरानं तिसरी किक अडवली ती बाटलीमुळेच. 'अडखळतो, थांब' असं लिहिलं होतं, तो थांबला. त्याबद्दल ड्रेसिंग रूममध्ये कुणी अवाक्षर काढलं नाही. पाचव्याबद्दल मात्र मॅनेजर बोलले. सामन्याआधी त्यांनी बाटलीवरची ती यादी बघितलीसुद्धा नव्हती.

पाचवा डावखुरा होता. डावखुऱ्याची सोपी बाजू म्हणजे अंगावरून मारणं, ती कीपरची डावी. याच्या सात पेनल्टी मला सापडल्या आणि त्यातल्या सहा कीपरच्या उजवीकडे गेल्या होत्या. सगळे जे धरून चालतात त्याच्या उलट. हे हुडकल्याचा मला अभिमान वाटला होता, ते कबूल करतो. सातवी डावीकडे होती. सहाविरुद्ध एक. 'उजवी' लिहून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी पोरगा व्हिडिओच्या खोलीत आला. "ती एक दाखव."

तीनदा बघितली. मग म्हणाला, "आता त्या सहा दाखव. पण किकर नको, कीपर बघ."

सहाही कीपर डावखुऱ्याची सोपी बाजू धरून आधीच डावीकडे कलले होते, आणि यानं बॉल मोकळ्या उजवीकडे सरकवला होता. सातव्या वेळी कीपर उजवीकडे कलला आणि बॉल डावीकडे गेला. म्हणजे त्याला आवडती बाजू नव्हतीच. तो शेवटच्या दोन पावलांत मान वर करून कीपरकडे बघत होता. असे किकर असतात हे मला ठाऊक होतं. पण माझ्या तक्त्यात कीपर आधी हलला का, कुठे हलला, हा रकाना नव्हता. क्लिप कापताना मी किकरवर झूम करत होतो, आणि सातांपैकी चारांत कीपर चौकटीबाहेर राहिला होता. त्यांच्यासाठी मूळ फूटेज उघडावं लागलं.

त्याच्यापुढे लिहायचं होतं 'हलू नको'. आणि आम्ही पोराला सांगितलं, हल.

पोरानं एवढंच विचारलं, की हे त्याच्या करारात धरलं जाईल का. करार जूनमध्ये संपतो. मॅनेजरांना मी त्या सात क्लिपा पाठवल्या आहेत, कीपर दिसेल अशा. त्यांनी अजून उघडलेल्या नाहीत. पोरगा मैदानावर पहिल्या कीपरला क्रॉस मारतोय. तक्त्यात मी नवा रकाना घातलाय आणि जुन्या सगळ्या पेनल्टी पुन्हा बघतोय. आतापर्यंत असे आणखी दोन जण सापडलेत, आणि त्यातल्या एकासमोर आम्ही मागच्या वर्षी 'डावी' लिहिलं होतं.