जुन्या मॅसीनं अजून नांगरट कशी जमते?

उन्हाळ कांदा निघून वावरं मोकळी झाली की निफाड तालुक्यातल्या आमच्या शिवारात हा प्रश्न ठरलेला. नाशिकहून आलेले पाहुणे विचारतात, ट्रॅक्टर घ्यायच्या विचारात असलेली पोरं विचारतात. "काका, एवढ्या जुन्या ट्रॅक्टरनं अजून नांगरट कशी जमते? विकून नवा का घेत नाही?" बांधावर उभ्या उभ्या दोन वाक्यांत सांगून भागत नाही, म्हणून तुम्ही विचारलंत तर नीट लिहितो. जमीन फोडतो तो नांगर. ट्रॅक्टरनं त्याला ओढायचं असतं, आणि तेवढं काम आमची मॅसी अजून चोख करते. माझी सगळी काळजी नांगरावर असते. लोक बघतात ते ट्रॅक्टरचं वय. मी बघतो फाळाची धार.

मॅसी फर्ग्युसन १०३५, वडिलांनी सत्तरच्या दशकात घेतलेली. तीन सिलिंडर, ३५ एचपी, पुढे सहा गिअर, मागे दोन. १९६० मध्ये सुरू झालेल्या चेन्नईच्या टॅफे कंपनीचा हा ट्रॅक्टर. त्याचा मूळ नमुना म्हणजे इंग्लंडात कॉव्हेंट्रीला १९५६ साली निघालेला फर्ग्युसन ३५. हॅरी फर्ग्युसन हा आयर्लंडमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या तरुणपणी नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता अडकवून ओढायचे. फाळ दगडाला अडला की पुढची चाकं उचलायची, ट्रॅक्टर मागे उलटायचा आणि चालवणारा खाली सापडायचा. फर्ग्युसननं नांगर तीन ठिकाणी बांधला: खाली दोन हात, वर टॉप लिंक. १९३६ पासून हायड्रोलिक लिफ्टसह ही रचना बाजारातल्या ट्रॅक्टरवर आली. आज आपल्याकडे कुठल्याही कंपनीचा ट्रॅक्टर बघा, मागे तीच तीन टोकं दिसतील. हा माणूस जगातल्या प्रत्येक नांगरणाऱ्याच्या उपयोगी पडला, आणि त्याचं नाव आमच्या बॉनेटवर आहे याचा मला अभिमान वाटतो.

खरी करामत टॉप लिंकच्या आत आहे. फाळ कडक जमिनीत गेला की नांगर वरच्या बाजूनं पुढे ढकलला जातो आणि टॉप लिंकवर दाब येतो. तो दाब एका जाड स्प्रिंगवर जातो, स्प्रिंग दबली की हायड्रोलिकचा व्हॉल्व्ह सरकतो आणि लिफ्ट नांगर अंगुळभर उचलते. ओढ कमी झाली की पुन्हा खाली सोडते. हे तासभर अखंड चालू असतं, चालवणाऱ्याला कळतही नाही. उचलताना नांगराचं आणि मातीचं वजन मागच्या चाकांवर येतं, म्हणून पावणेदोन टनांच्या आतला हा ट्रॅक्टर चाकं जागेवर न फिरवता दोन फाळी नांगर ओढतो. यालाच ड्राफ्ट कंट्रोल म्हणतात. बरेच जण त्या लिव्हरला हातच लावत नाहीत, सगळी नांगरट पोझिशनवर, म्हणजे नांगर एकाच उंचीवर धरणाऱ्या लिव्हरवर करतात. मग कडक पट्टा आला की चाकं जागेवर फिरतात आणि दोष जातो एचपीकडे. ३५ एचपी नीट वापरली तर काळ्या जमिनीत सात-आठ इंच नांगरायला पुरते.

एक हिशेब करून बघा. बारा इंची दोन फाळ म्हणजे एका फेरीत दोन फूट, साधारण ६० सेंटिमीटर. ताशी चार किलोमीटर वेग धरला तर तासाला २,४०० चौरस मीटर. एकर आहे ४,०४७ चौरस मीटरचं. म्हणजे पावणेदोन तासांच्या आत निव्वळ नांगरट, आणि वळणं धरून सव्वादोन. या एका एकरासाठी ट्रॅक्टर पावणेसात किलोमीटर चालतो. आजोबा आठ इंची नांगरामागे बैलांबरोबर त्याच एकरात वीस किलोमीटर चालायचे. तो नांगर किर्लोस्करांचा होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडानं जमीन नासते म्हणून लोक तो घ्यायला तयार नव्हते. आमच्या पडवीत तो अजून आहे, आणि त्याचा पंखा, म्हणजे माती पलटणारा वाकडा पत्रा, बघितला की त्या ओतकामाचं आजही कौतुक वाटतं.

आता नांगराचं. फाळ झिजला की नांगर जमिनीत शिरत नाही. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. नांगर शिरेना म्हणून कोणी त्यावर दगड बांधतं, कोणी टॉप लिंक आवळून आखूड करतं. टॉप लिंक आखूड केली की नांगराचं नाक खाली जातं, तो शिरतोही, पण टाच उचलली जाते. मग सगळा भार नाकावर येतो. डिझेल जास्त जातं, तासाचा, म्हणजे नांगरानं पडलेल्या चराचा, तळ खालीवर होतो, आणि उरलेला फाळ आणखी लवकर झिजतो. बोथट विळीवर जोर लावून भाजी चिरण्यासारखंच ते. उपाय एकच, फाळ काढून शेवटून, म्हणजे टोक नव्यानं काढून आणायचा.

फाळ झिजला हे डोळ्यांनी कळतं, पण खात्री करायची पद्धत सोपी आहे. नांगर आडवा करायचा. सरळ सळई फाळाच्या टोकापासून मागच्या टाचेपर्यंत, बाजूच्या पट्टीला (तासाच्या भिंतीला टेकून चालते ती) लावून धरायची. मध्ये तीन ते पाच मिलिमीटर फट दिसली पाहिजे. तीच फट नांगराला खाली खेचते. तशीच फट बांधाच्या, म्हणजे न नांगरलेल्या बाजूलाही हवी, नाहीतर नांगर पूर्ण रुंदीचा तास घेत नाही. फट संपली तर टॉप लिंक कितीही फिरवा, काही होत नाही. आणि बाजूची पट्टी झिजली असेल तर नवा फाळ लावूनही नांगर तिरका चालतो. लोक फाळ बदलतात आणि पट्टी विसरतात, हे मी फार पाहिलं आहे.

पोलादी फाळ लोहाराकडे शेवटता येतो. भट्टीत लाल करून, ऐरणीवर टोक ओढून, मग पाणी द्यायचं, म्हणजे तापलेलं टोक पाण्यात बुडवून कडक करायचं. पाणी देण्यात त्याचं सगळं कसब: जास्त झालं तर टोक दगडाला लागून तुटतं, कमी झालं तर दोन एकरांत गोळा होतं. आमच्या भागात हे काम जाणणारे लोहार आता मोजके उरले आहेत. गावोगाव वेल्डिंगची दुकानं झाली, तिथे ट्रकच्या कमानीचा पाटा कापून टोकाला जोडून देतात. ते चालतं, पण जोड देण्याआधी दोन्ही तुकडे चांगले तापवून घ्यायला सांगा. थंड लोखंडावर मारलेलं वेल्डिंग जोडाशेजारीच तडकतं. ओतीव लोखंडाचा फाळ मात्र ठोकायचा नसतो, तो फुटतो. तो झिजला की बदलायचा. काही नांगरांना टोकाशी चौकोनी बार असतो. झिजेल तसा बोल्ट सैल करून तो पुढे सरकवायचा. मुरमाड, गोटे असलेल्या सिन्नरकडच्या रानात हा प्रकार फार उपयोगाचा.

दोन्ही फाळांची टोकं एका उंचीवर आहेत का, हे सपाट फरशीवर नांगर ठेवून बघावं. एखाद्या मोठ्या दगडाला जोरात बसलेला नांगर बाहेरून धड दिसतो, पण दांडा वाकलेला असतो. पुढच्या फाळाच्या तासात आणि मागच्याच्या तासात खोलीचा फरक पडायला लागला की दोरी धरून दांडा तपासायचा.

आणि तुटणारा बोल्ट. ज्या नांगराला तो आहे, त्यावर दगड आला की बोल्ट तुटतो आणि दांडा वाचतो. तो तुटण्यासाठीच बसवलेला असतो. वारंवार तुटतो म्हणून त्या जागी दुप्पट भारी बोल्ट घालणारे लोक आहेत. कृपा करून असं करू नका. कंपनीनं दिलेल्या ताकदीचाच बोल्ट घ्या, चार जास्तीचे टूलबॉक्समध्ये ठेवा.

पंख्याबद्दल माझं मत फार ठाम आहे. नांगराचा पंखा आरशासारखा असला पाहिजे, त्यात आपलं तोंड दिसलं पाहिजे. काळी माती चिकट. पंख्यावर गंजाचे खड्डे पडले की माती सरकत नाही, चिकटून बसते, आणि पलटायच्या ऐवजी नुसती ढकलली जाते. अशा नांगराला ओढ किती लागते ते इंजिनच्या आवाजावरून कळतं. म्हणून शेवटचा तास झाला की त्याच दिवशी नांगर धुवायचा, उन्हात वाळवायचा, आणि फाळ, पंखा, पट्टी यांना जुनं ऑइल किंवा ग्रीस चोपडायचं. मग फळ्यांवर ठेवायचा, मातीवर कधीच नाही. मृगाचा पाऊस एकदा उघड्या पंख्यावर पडला की पुढच्या वर्षीची पहिली दोन एकरं तो घासण्यातच जातात. नवीन नांगराचा रंगही आधी खरवडून काढावा लागतो, तोही माती धरून ठेवतो.

वावरात गेल्यावर पहिला तास उथळ काढायचा. दुसऱ्या फेरीला उजवी चाकं तासात उतरतात, ट्रॅक्टर कलतो, तेव्हा उजव्या हाताचा हँडल फिरवून नांगर पुन्हा सपाट करायचा. मागे उतरून तासाकडे बघा: भिंत उभी आणि तळ सपाट असेल तर सगळं बरोबर आहे. मी लो रेंजच्या तिसऱ्या गिअरमध्ये, अर्ध्याहून थोड्या जास्त अॅक्सिलेटरवर चालतो. वेग वाढवला की माती लांब फेकली जाते, ढेकळं नीट पलटत नाहीत.

पण हे सगळं जमिनीच्या वापशावर, म्हणजे ओल नेमकी असण्यावर अवलंबून. आपली काळी जमीन ओली असताना फुगते, वाळली की भेगाळते. ओल्यात नांगरलं तर फाळाखाली तळ लिंपल्यासारखा गुळगुळीत होतो आणि तो थर पाणी मुरू देत नाही. फार वाळल्यावर नांगरलं तर डोक्याएवढी ढेकळं निघतात आणि फाळ झिजतो. कांदा काढल्यावर थोडी ओल उरलेली असते, तेव्हाच मी घालतो. मग मे महिन्याचं ऊन त्या ढेकळांवर पडतं, हरळीच्या काशा आणि लव्हाळ्याच्या गाठी वाळतात, किडींचे कोष उघडे पडतात. २०१८ पासून मक्यावर आलेली अमेरिकन लष्करी अळीही मातीतच कोषात जाते. नांगरामागे चालणारे बगळे आणि साळुंक्या ते कोष वेचून खायचं काम मन लावून करतात.

मी दरवर्षी सगळं वावर नांगरत नाही. नेरळच्या सगुणा बागेतून निघालेलं बिननांगरणीचं तंत्र वापरणारे शेतकरी आहेत, त्यांच्या जमिनीत गांडुळं किती आहेत ते मी पाहिलं आहे, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. पण हरळीनं भरलेल्या आणि कांद्याच्या पाण्यानं दबलेल्या पट्ट्याला माझ्याकडे नांगराशिवाय उपाय नाही. एका पट्ट्याला नांगर लागला की पुढची दोन-तीन वर्षं तिथे कल्टीवर, म्हणजे माती न पलटता वरवर मोकळी करणाऱ्या कल्टिव्हेटरवर भागवतो.

काही कामं या ट्रॅक्टरला मी सांगत नाही. जुनी द्राक्षबाग काढून जमीन खोल उलटायची असेल तर ५० एचपीच्या वरचा ट्रॅक्टर आणि हायड्रोलिक पलटी नांगर (दोन्ही बाजूंना माती टाकता येणारा) भाड्यानं आणतो. उतारावरही पलटीच बरा, सगळी माती वरच्या अंगाला टाकता येते. बागेतल्या फवारणीला मॅसी रुंद पडते, तिथे मिनी ट्रॅक्टरच हवा. आणि मिनी घेऊन कोणी खोल नांगरट करू म्हणत असेल तर त्यालाही मी नको म्हणतो.

इंजिनचं थोडक्यात. नांगरट म्हणजे धूळ, त्यामुळे ऑइल बाथ एअर क्लिनर रोज उघडून बघायचा. तळाशी गाळ साचला की ऑइल बदलायचं. डिझेल गाळून भरायचं, फिल्टर वेळेवर बदलायचे. इतकं केलं तर हे इंजिन त्रास देत नाही, आणि सुटे भाग अजून मिळतात.

तुमच्यापैकी कोणी अशी जुनी मॅसी घ्यायला निघाला असेल तर इंजिनचा आवाज ऐकून भुलू नका, आधी लिफ्ट बघा. या मॉडेलमध्ये हायड्रोलिकचा पंप पीटीओच्या, म्हणजे मागच्या अवजारांना फिरतं बळ देणाऱ्या शाफ्टवर चालतो, म्हणून पीटीओचा लिव्हर टाकल्याशिवाय लिफ्ट उचलत नाही. ती बिघडली असं समजून परत जाऊ नका. नांगर जोडून उचला, इंजिन बंद करा आणि तो किती वेळ वर टिकतो ते बघा. भराभर खाली आला तर आतल्या सील गेल्या आहेत. मग गिअरबॉक्सचं ऑइल काढून बघा, कारण लिफ्टचं आणि गिअरचं ऑइल एकच आहे. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, चमचमत असेल तर गिअर घासलेत. शेवटी टॉप लिंक जिथे जोडतात तिथली स्प्रिंग हातानं हलवून बघा. ती ढिली लागली तर ड्राफ्ट नीट चालणार नाही, आणि किंमत ठरवताना तेवढा खर्च वजा धरा.