तुम्ही विचारलेत म्हणून: खंदकातला सैनिक दिवसभर करत तरी काय असे?

पहिल्या महायुद्धाविषयीच्या व्याख्यानानंतर हा प्रश्न मला हमखास विचारला जातो: हल्ला नसेल त्या दिवशी खंदकातले सैनिक करत तरी काय? विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा संगीन रोखून धावणारा जवान असतो. माझे उत्तर असे की, फ्रान्स आणि बेल्जियममधल्या त्या खंदकांत सैनिकाच्या हातात बंदुकीपेक्षा फावडेच अधिक वेळ असे.

ब्रिटिश फौजेत उजाडण्यापूर्वी सगळी तुकडी खंदकाच्या पायरीवर सज्ज उभी राही, कारण हल्ल्याचे भय पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या अंधुक प्रकाशात सर्वांत जास्त असे. उजाडले की रमचा घोट, बंदुकांची सफाई, डब्यातले मांस आणि दगडासारखी बिस्किटे. पिण्याचे पाणी बहुधा पेट्रोलच्या डब्यांतून येई, त्यामुळे चहालाही तोच वास. त्यानंतर दिवसा काठावर डोके काढायची सोय नसे. पहारेकरी सोडले तर बाकीचे मिळेल तिथे डुलकी काढत, नाही तर सदऱ्याच्या शिवणीवरून मेणबत्तीची ज्योत फिरवून उवा जाळत बसत.

पायांची तपासणी मात्र कोणाला चुकवता येत नसे. तासन्तास गार पाण्यात उभे राहून पाय बधिर होत, सुजत आणि दुर्लक्ष झाले तर सडून कापावे लागत. म्हणून देवमाशाचे तेल पायांना चोळून कोरडे मोजे घालायचे, आणि हे सारे अधिकाऱ्याच्या देखत. शत्रूच्या गोळीइतकीच त्याला या पायांची धास्ती असे.

खरे काम रात्रीचे. मागच्या जोडखंदकांतून शिधा, पाणी, फळ्या, तारेची भेंडोळी पाठीवर वाहून आणायची, ढासळलेल्या भिंती पोत्यांनी लिंपायच्या आणि दोन्ही फौजांमधल्या मोकळ्या जमिनीत जाऊन काटेरी तार बांधायची. मेखा ठोकण्याच्या आवाजाने घात होई, म्हणून पुढे जमिनीत पिळून बसवायचे मळसूत्री खांब आले. मध्येच आकाशात प्रकाशगोळा फुटला, तर हातात तार असेल तसे निश्चल उभे राहायचे. विश्रांतीसाठी मागे नेलेल्या पलटणींनाही ओझी वाहण्यातून सुटका नसे, हे मला सर्वांत अन्यायाचे वाटते.

फ्लँडर्समध्ये, म्हणजे पश्चिम बेल्जियम आणि लगतच्या उत्तर फ्रान्सच्या सखल भागात, थोडे खोदले की पाणी लागे, तेव्हा खाली जाण्याऐवजी मातीच्या पोत्यांचे बांध वर रचावे लागत. १९१४ च्या शरद ऋतूत मार्सेय बंदरात उतरलेल्या हिंदी फौजेच्या वाट्याला पहिला हिवाळा आला तो याच भागात.

त्या फौजेत खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या, आणि या दलात मराठेही भरती होत. खोदणे, बांधणे, सुरुंग लावणे हेच त्यांचे शिक्षण. तरीही २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यूव्ह शापेल गावावरच्या हल्ल्यात त्यांना ४७ व्या शीख पलटणीबरोबर पायदळ म्हणून पुढे घातले गेले. गावात घराघरांतून झुंज झाली, पण पाठबळ न मिळाल्याने माघार घ्यावी लागली आणि दोन्ही कंपन्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. चिखलातला तो हिवाळा तोंडावर असताना खंदकाचे काम जाणणारी माणसे अशी खर्ची घालणे ही माझ्या मते सेनापतींची घोडचूक होती.