स्विचवरचे २५० व्होल्ट कोणते?

गेल्या महिन्यात माझ्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा (काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या ध्वनिवर्धकाचा) स्टँडबाय स्विच, म्हणजे हीटर तापता ठेवून व्हॉल्व्हना जाणारा उच्च दाबाचा डीसी तोडणारा स्विच, निकामी झाला. खटका खाली केला तरी गाणे थांबेना. मेन बंद करून, वीज साठवणारे कंडेन्सर रिकामे झाल्याची मीटरवर खात्री करून घेतली आणि मग तो स्विच काढून उघडला. आतले दोन्ही संपर्क वितळून एकमेकांना चिकटले होते आणि शेजारच्या तपकिरी बेकेलाइटवर काजळीची एक बारीक रेघ धातूच्या आवरणाच्या दिशेने गेली होती. काजळीतून वीज वाहते, त्यामुळे ती रेघ पाहून मी खरोखर धास्तावलो.

हा स्विच मीच पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणला होता. त्यावर ‘२५० व्होल्ट एसी, ३ अँपियर’ असे स्पष्ट छापलेले होते. त्यातला ‘एसी’ हा शब्द मी मनावर घेतला नाही, ही चूक माझी. आपल्या घरातला ५० हर्ट्झचा एसी, म्हणजे दिशा बदलणारा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि संपर्क सुटताना पडणारी ठिणगी तिथेच विझते. एकाच दिशेने वाहणारा डीसी प्रवाह असा शून्यावर येत नाही, म्हणून ठिणगी ताणली जाऊन टिकते. याच कारणाने अशा छोट्या टॉगल स्विचची डीसी मर्यादा बहुधा ३० व्होल्टच्या आसपास दिलेली असते.

माझा ट्रान्सफॉर्मर २५०-०-२५० चा, म्हणजे मधल्या टोकापासून दोन्हीकडे २५० व्होल्ट एसी देणारा, आणि एसीचे डीसी करणारे डायोड सिलिकॉनचे आहेत. कंडेन्सर एसीच्या शिखरापर्यंत भरतो, म्हणून २५० ला १.४१४ ने गुणले की सुमारे ३५३ व्होल्ट होतात. घरातली मेन २३० ऐवजी २४० असेल तर हाच आकडा ३७० च्या जवळ जातो. स्विच पहिल्या कंडेन्सरनंतर होता, पुढे १०० ओहमचा रेझिस्टर आणि ४७ मायक्रोफॅरडचा रिकामा कंडेन्सर. म्हणजे खटका वर केल्याच्या पहिल्याच क्षणी साडेतीन अँपियरहून जास्त प्रवाह, आणि तोही संपर्क एकमेकांवर थरथरत असताना. ते चिकटले नसते तरच नवल!

स्टँडबाय नसेल तर कॅथोड, म्हणजे व्हॉल्व्हमधला इलेक्ट्रॉन सोडणारा भाग, खराब होतो, असे अनेकजण सांगतात. तो धोका हजारो व्होल्टवर चालणाऱ्या प्रक्षेपणाच्या व्हॉल्व्हना असतो, अ‍ॅम्प्लिफायरमधल्या ईएल-८४ सारख्या छोट्या व्हॉल्व्हना नाही. उलट हीटर तापलेला ठेवून प्रवाह तासन्‌तास बंद ठेवणे हेच कॅथोडला मानवत नाही. म्हणून मी स्टँडबाय काढूनच टाकला. ज्यांना तो हवाच आहे त्यांनी तो डायोडच्या अलीकडे, ट्रान्सफॉर्मरच्या एसी बाजूला, दोन्ही टोके एकदम तोडणारा बसवावा. मात्र तिथे दोन ध्रुवांमध्ये ५०० व्होल्ट एसी असतात, त्यामुळे २५० चा स्विच तिथेही पुरत नाही.

आता एकच स्विच उरला आहे, मेनचा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, नामांकित कंपनीचा, मानकाची खूण असलेला रॉकर मी घेतला, कारण आपल्याकडे भिंतीतल्या प्लगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे निघणे नवीन नाही. फ्यूज फेजच्या तारेत आहे आणि चासीला (धातूच्या सांगाड्याला) अर्थिंगची तार वेगळ्या बोल्टने आवळली आहे.

पहिल्या कंडेन्सरवर २२० किलोओहम, २ वॉटचा ब्लीडर रेझिस्टर, म्हणजे बंद केल्यावर कंडेन्सर रिकामे करणारा, कायमचा जोडला आहे. व्हॉल्व्ह काढलेले असताना दोन्ही कंडेन्सरांवरचे ३७० व्होल्ट ६० वर यायला सुमारे ३८ सेकंद लागतात. पुढच्या पट्टीवर स्टँडबायच्या रिकाम्या भोकात रेझिस्टरसह एक निऑन दिवा एचटीवर, म्हणजे त्याच उच्च दाबाच्या डीसीवर, लावला आहे. तो ६० व्होल्टच्या आसपास विझतो. म्हणून दिवा विझल्यावरही मी आणखी दोन मिनिटे थांबतो, एक हात पाठीमागे ठेवून मीटरची काळी पिन चासीला अडकवतो आणि लाल पिन आधी पहिल्या, मग दुसऱ्या कंडेन्सरवर टेकवतो.